आधी मोजा, मग द्या : मराठवाडा-विदर्भाच्या १०८ आमदारांना खुले पत्र

दि. १४ डिसेंबर २०२४

प्रति,
मराठवाड्यातले ४६ आणि विदर्भातले ६२ विधानसभा सदस्य,
मुक्काम नागपूर.

स.न.वि.वि.

तुम्ही सगळे मिळून १०८. जपमाळेचे मणी तेवढेच आणि अँब्युलन्सचा नंबरही तोच, म्हणून आकडा लक्षात राहतो. २८८ च्या सभागृहात १०८ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पक्ष तुमचे वेगवेगळे, भांडणं जुनी, आणि निवडणुकीचा गुलाल अजून कपड्यांवरून गेलेला नसेल. तरी एका कागदापुरतं तुम्ही एकत्र यायचं ठरवलंत तर तो कागद अडवायची कोणाची टाप नाही. त्या कागदाबद्दलच लिहितोय.

माझी ओळख थोडक्यात. एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात ३१ वर्षं लेखा सहाय्यक होतो. आता पेन्शन आणि दीड एकर हळद. गाव सेनगाव तालुक्यात, जिल्हा हिंगोली. ‘निधी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भूमिपूजनाचा नारळ येत असेल, माझ्यापुढे लेखाशीर्षाचा, म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून कशावर खर्च झाला ते सांगणाऱ्या सरकारी नोंदीचा, रकाना येतो. त्यामुळे हे पत्र थोडं रुक्ष झालं तर समजून घ्या.

आमच्या तालुक्याच्या चौकात बारा महिने एक तरी बॅनर असतो : अमुक कोटींचा निधी खेचून आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खेचून आणला. शब्द अगदी नेमका आहे, म्हणूनच तो खुपतो. सामाईक विहिरीवर ज्याची पाळी असते त्याला पाणी मिळतं. कोणी रात्री दुसऱ्याचा दांड फोडून पाणी आपल्या वावरात वळवलं तर गाव त्याचा बॅनर लावत नाही. खेचायची वेळ तेव्हा येते, जेव्हा पाळीची वही हरवलेली असते.

आपली वही हरवली आहे. कधी हरवली, तेही सांगतो.

पाळी ठरली होती २८ सप्टेंबर १९५३ ला. नागपूर करार. विदर्भ, मराठवाडा आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हायची, मराठवाड्याच्या मागासपणाकडे विशेष लक्ष द्यायचं. परवा सोमवारी तुम्ही अधिवेशनाला नागपुरात जमणार, तेही त्याच कराराचं देणं. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विकास मंडळांची सोय झाली : प्रत्येक विभागाला स्वतंत्र मंडळ, विकासखर्चाची न्याय्य वाटणी, तांत्रिक शिक्षणाची आणि सरकारी नोकऱ्यांची न्याय्य सोय, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. त्याच कलमात एक उपवाक्य आहे, ते तुमच्यासाठी आहे. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. म्हणजे तुमच्यापुढे.

सोय १९५६ ची, मंडळं आली १९९४ ला. ३८ वर्षं. (गुजरातचं तर याहून न्यारं. त्याच कलमात सौराष्ट्र आणि कच्छचीही नावं आहेत, तिथे मंडळं झालीच नाहीत.)

मधल्या काळात एक काम मात्र चोख झालं. १९८३ ला प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यक अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशेजारी उभा केला आणि जो जितका खाली, तितका त्याचा अनुशेष, असा सरळ हिशेब मांडला. १९८४ चा आकडा आला ३,१८६ कोटी ७८ लाख. त्यात विदर्भाचे सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचे ७५० आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९. सरकारने तो अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पण ‘अनुशेष’ हा शब्द त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर आला. मंडळं आल्यावर निर्देशांक आणि अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून पुन्हा मोजलं. १४,००६ कोटी. दर वाढले होते, निकष बदलले होते, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून साडेचार पटीची आरोळी ठोकणं बरोबर नाही, हे हिशेबनीस म्हणून मी मान्य करतो. पण आकडा होता. आकडा असला की भांडता येतं. ‘तुमचं इतकं निघतं, त्यातलं इतकं दिलं, इतकं राहिलं’ असं कोणीतरी सही करून सांगत होतं. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश त्या आकड्यांवर निघू लागले, पाटबंधाऱ्यांचे पैसे त्या हिशेबाने वाटले जाऊ लागले. वाद झाले, कोर्टबाजी झाली. वही उघडी असली की वाद होणारच.

३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. टाळेबंदी होती, लोक घरात होते, कोणाच्या लक्षातही आलं नाही. २७ सप्टेंबर २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. त्यालाही दोन वर्षं उलटून गेली आणि मंडळं काही आलेली नाहीत.

दरम्यान पॅकेजं येत राहिली. २०१६ च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्यात झाली, ४९ हजार कोटींची घोषणा झाली. २०२३ च्या सप्टेंबरात मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाला पुन्हा बैठक, ४५ हजार कोटींहून जास्त. मी घोषणांच्या विरोधात नाही, आली तर आमच्याच दारात येईल. पण पॅकेजातला रुपया नवा की जुना, हे ओळखायला लेखाशीर्ष लागतं आणि भाषणाला लेखाशीर्ष नसतं. अनुशेष हा देण्याचा हिशेब आहे, पॅकेज हा देणाऱ्याचा मूड आहे.

आता हिंगोलीचं ऐका, कारण मोजणी कशी होते यावर सगळं आहे. आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. दांडेकरांनी मोजलं तेव्हा आम्ही परभणीत, आणि १९९४ ची तारीख धरून मोजलं तेव्हाही परभणीतच. परभणीच्या खालच्या भागातून जायकवाडीचा डावा कालवा गेलेला, पूर्णा प्रकल्पाचे कालवे गेलेले. सिद्धेश्वर धरण आमच्या औंढा तालुक्यात, पण त्याचं पाणी वसमतकडून परभणी-नांदेडच्या वाटेला लागतं. सेनगावचा माळ उंचावर, तो कोरडाच. सगळं मिळून सरासरी काढली की कागदावर आमचंही शिवार भिजलेलं! तेव्हा भिजलेलं धरल्यामुळे आमचा सिंचनाचा अनुशेष दिसलाच नाही, आणि जो दिसला नाही त्याचे पैसे मागायचे कोणाकडे?

असे आम्ही एकटे नाही. धारणी आणि चिखलदरा अमरावतीच्या सरासरीत बुडतात, किनवट नांदेडच्या. नंदुरबारचे अक्कलकुवा आणि अक्राणी तर मंडळाच्या रचनेत ‘उर्वरित महाराष्ट्रा’त येतात, म्हणजे पुण्याच्या पंगतीला. जत, आटपाडी, माण, खटावची माणसं म्हणतात की दुष्काळ आम्हीही भोगला, मग अनुशेष फक्त तुमचाच का? त्यांचं बरोबर आहे. आपण मात्र त्यांना पश्चिम महाराष्ट्राचे म्हणून गप्प बसवतो. जिल्हा हे माप जुनं झालं. तालुका मोजा, जमलं तर त्याहून खाली जा.

खाली गेलं की काय दिसतं ते सांगतो.

आमच्या गावापासून कोसभर आत एक वाडी आहे. नाव देत नाही, उगाच तिथल्या सरपंचाला फोन जातील. वाडी आणि डांबरी यांच्या मध्ये ओढा आणि ओढ्यावर नळकांडी पूल. सिमेंटचे तीन पाइप, वर मुरूम. सकाळी पावणेदहाला मानव विकासची निळी एसटी येते. योजना चांगली आहे, हे आधी सांगतो. २०११ पासून मागास तालुक्यांना दिलेल्या या गाड्यांत मुलींना बारावीपर्यंत फुकट प्रवास. या गाड्यांमुळे आमच्याकडच्या किती पोरींची लग्नं चार वर्षं पुढे गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तर जुलै-ऑगस्टात गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबते. ड्रायव्हर हॉर्न देतो, दोनदा. पलीकडून पोरी येतात. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत, दप्तर डोक्यावर. पाणी पाइपांत मावत नाही, मुरमावरून वाहतं. मोठी पोरगी पुढे, ती पायाने चाचपत येते, बाकीच्या तिच्या मागे ओढणी धरून. पाणी जास्त असलं तर त्या पलीकडेच उभ्या राहतात, हात हलवतात आणि गाडी निघून जाते.

कागदावर ही वाडी बारमाही रस्त्याने जोडलेली आहे. पूल आहे ना. पोरी लाभार्थी आहेत, गाडी रोज येते, किलोमीटर भरतात. दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण आणि दोन्ही खरे. खोटं कोणी लिहिलेलं नाही. गाडी परत गेली तो दिवस लिहायला रकानाच नाही, इतकंच. माझ्या नोकरीत मीही असे रकाने भरले आहेत, म्हणून कोणाला दोष द्यायला जीभ उचलत नाही.

यावर मुंबईतल्या साहेबांचं उत्तर मला पाठ आहे : ‘तुम्हाला दिलेलाच निधी खर्च होत नाही.’ खरं आहे. आता तो का होत नाही, हे एका ३१ मार्चला आमच्या टेबलावर बसून बघायला हवं होतं. रात्री साडेआठला बीडीएसवर, म्हणजे निधी वाटायच्या सरकारी संगणक प्रणालीवर, तरतूद पडते. कोषागाराची साइट फिरत राहते. वडापावच्या पुड्यांचं तेल देयकांना लागलेलं, शिपाई दारात, ठेकेदार जिन्यात. जिल्हा परिषदेला आलेला पैसा खर्चायला पुढचं वर्ष मिळतं, पण आधी तो काढून ठेवायला हवा. मग ज्याची फाइल पुरी त्याचं देयक निघतं. फाइल पुरी कोणाची? ज्या तालुक्यात शाखा अभियंत्याच्या जागा भरलेल्या, त्याची. तिथे सर्वेक्षण झालेलं, अंदाजपत्रक तयार, तांत्रिक मान्यता हातात. आमच्यासारख्या ठिकाणी एका अभियंत्याकडे तीन तालुक्यांचा चार्ज, कारण हिंगोलीला बदली म्हणजे शिक्षा असं खात्यात मानतात, आणि आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीत. मग आमच्या कामाला तांत्रिक मान्यता नाही, म्हणून पैसा पडून. पडून आहे, म्हणून फेब्रुवारीत पुनर्विनियोजन, म्हणजे न खर्चलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं. पुनर्विनियोजनात तो जातो तयार फाइलकडे, म्हणजे आधीच पुढे असलेल्या तालुक्याकडे. आणि वर अहवाल जातो की मागास तालुक्याची खर्च करण्याची क्षमता नाही. मागास आहे म्हणून खर्च नाही आणि खर्च नाही म्हणून मागास. एकाही माणसाने चोरी न करता हे वर्षानुवर्षं चालतं. (चोरीही होते. तो वेगळ्या पत्राचा विषय.)

हे मोजायचं कोणी? रिक्त पदांचा अनुशेष आणि पुनर्विनियोजनात तालुक्याबाहेर गेलेला पैसा, हे दोन रकाने कुठल्याही पॅकेजात नसतात. मंडळ जिवंत असेल आणि त्यात काम जाणणारी माणसं असतील, तर ते विचारू शकतं. मंडळं जिवंत होती तेव्हा सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. पदं रिकामी राहायची, आणि भरली की नाराज कार्यकर्त्याची सोय लागायची. प्रादेशिक असमतोल तपासायला २०११ ला नेमलेल्या डॉ. विजय केळकरांच्या समितीचा जाडजूड अहवाल २०१४ च्या डिसेंबरात नागपुरातच सभागृहापुढे आला. तुमच्यातले काही जण तेव्हाही आमदार होते. त्यानंतर तो अहवाल कोणी उघडला?

आता सीमेपलीकडे बघू. माझी भाची बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात दिली आहे. घरात मराठी, शेतात सोयाबीन, आमच्यासारखंच सगळं. आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यातले, १७ सप्टेंबर १९४८ ला एकाच दिवशी सुटलेले. दोन वर्षांखाली तिच्या पोराला इंजिनिअरिंगची सीट मिळाली, तेव्हा तिने फोनवर सांगितलं, ‘मामा, तीनशे एकाहत्तर जेचं सर्टिफिकेट कामाला आलं.’ ती सहावी शिकलेली आहे. घटनेचं कलम नंबरासकट तिला माहीत. आमच्याकडच्या पदवीधराला आपलं, महाराष्ट्राच्या मंडळांचं, ३७१ (२) विचारून बघा.

तिच्याकडे काय झालं? २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटक भागासाठी ३७१-जे आलं. शब्द जवळपास आपल्याच कलमाचे : मंडळ, न्याय्य वाटणी, दरवर्षी अहवाल सभागृहापुढे. शिवाय त्या भागातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना आणि बाकी राज्यात ८ टक्के. मंडळ आजही चालू आहे, कल्याण कर्नाटक म्हणून. आणि त्याच्याही आधी, २००२ ला, डॉ. नंजुंडप्पा समितीने अख्खं कर्नाटक तालुक्या-तालुक्याने मोजून काढलं होतं. १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास. त्यातले ३९ अतिमागास, ४० त्याहून बरे, ३५ नुसते मागास. यादी नावानिशी. तिथलं सगळं गोडच आहे असं नाही, भाचीच्या गावचा रस्ताही उखडलेलाच आहे. पण तिचा आमदार बेंगळुरूला जातो तेव्हा त्याच्या खिशात यादी असते. आपलं कलम त्यांच्या कलमाचा थोरला भाऊ. धाकटा कमावता निघाला आणि थोरल्याचं रेशनकार्डच रद्द झालं.

‘मुख्यमंत्री तुमचेही झाले की’, हा टोमणा तुम्हालाही ऐकावा लागत असेल. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, चौघे मराठवाड्याचे. विदर्भाचे कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि आता पुन्हा फडणवीस. टोमणा रास्त आहे. त्यातून मी एवढंच शिकलो की आपला माणूस वर बसवल्याने वही आपोआप लिहिली जात नाही. म्हणून मुख्यमंत्र्यांना हे पत्र लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं.

जाता जाता एक. आमच्या औंढा तालुक्यात, दुधाळा शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्राने २०२३ च्या एप्रिलात २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात लेझर. विज्ञान मला कळत नाही, नातवाने समजावलं ते असं : कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे दोन कृष्णविवरं धडकली तर त्या धक्क्याने हे हात जे हलतील, तेवढं हलणं मोजायचं. अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. आनंद आहे, अभिमान आहे. पण तिथून दीड-दोन तासांवर ओढ्याच्या पलीकडे हात हलवणाऱ्या पोरी आहेत, आणि तेवढं हलणं मोजायचं यंत्र या राज्याकडे नाही म्हणता?

तर मागणं. रस्ता मागत नाही, पूल मागत नाही. या अधिवेशनात १०८ जणांनी एका कागदावर सह्या करा. त्यात एवढंच असू द्या : मंडळांच्या पुनर्गठनाची फाइल आज कोणत्या टेबलावर आहे, ते तारखेसकट सांगा. मंडळं येतील तेव्हा त्यांना मोजणी तालुकानिहाय करायला लावा, त्यात मंजूर आणि भरलेल्या पदांचा एक रकाना घाला आणि पुनर्विनियोजनात तालुक्याबाहेर गेलेल्या पैशाचा दुसरा. आणि २०२० पासूनच्या ज्या वर्षांचा अहवाल तुमच्यापुढे ठेवला गेला नाही, त्या प्रत्येक वर्षाबद्दल उभं राहून विचारा. तो अहवाल मागणं हा तुमचा अधिकार आहे, घटनेत लिहिलेला. तो तुम्ही वापरला नाहीत तर आम्ही कोणाच्या तोंडाने मागायचं?

आठवडाभराचं अधिवेशन आहे. संत्र्याचा सीझन आहे. हुरडा पार्ट्यांची आमंत्रणंही येतील. त्यातून अर्धा तास काढा.

आपला,
एक निवृत्त लेखा सहाय्यक
तालुका सेनगाव, जि. हिंगोली

ता. क. : वरच्या वाडीच्या पुलासाठी कोणी ‘निधी खेचून’ आणायची घाई करू नये. ते काम तीन वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली तीनदा प्रस्तावित झालेलं आहे. एक प्रस्ताव माझ्याच हस्ताक्षरात आहे. अभियंता द्या, फाइल तयार आहे.